दिरांनी शिकवलेली माझी सही

माझं माहेरचं नाव आणि माझ्या सासूबाईंच्या सासूचं नाव एकच होतं. सुनेला हाक मारताना सासूचं नाव तोंडात येणार, हे सासूबाईंना चालणार नव्हतं. म्हणून लग्नात परातीत तांदूळ पसरले आणि त्यात अंगठीनं माझं दुसरं नाव लिहिलं. ते नाव मला कुणी आधी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराजवळ कुणीतरी त्या नावानं हाका मारत होतं आणि मी वळलेच नाही.

"बहिरी गळ्यात मारली की काय आपल्या?" असं एका आत्यांनी विचारलं आणि घरभर हसू पिकलं. तेव्हापासून मी त्या नावाला ओ देते.

मी चौथीपर्यंत शिकले. शाळेतल्या बाईंनी माझा हात धरून पाटीवर जे नाव गिरवून घेतलं ते पहिलं नाव. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचं, अशी त्यांची पद्धत. दुसरं नाव कानाला सवयीचं झालं, पण हातानं ते कधी लिहिलं नाही. लिहायची वेळच आली नाही. इंग्लंडला यायचं म्हणून पासपोर्ट काढला तेव्हा ह्यांनी खिडकीतल्या माणसाला सांगितलं, "लिहिता येत नाही तिला, अंगठा घ्या." मी शेजारीच उभी होते. मागं रांग मोठी होती, त्यामुळे त्यांचंही बरोबर असेल.

हे विमानतळावरच्या स्वयंपाकघरात विमानात जाणारी जेवणं भरायचे. ते गेल्यावर मी हाउन्सलोला थोरल्या दिरांच्या घरी राहायला आले. वरची लहान खोली मला दिली. घरात दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी. दीर शिकलेले, गोदामात मोठ्या जागेवर होते, आता रिटायर झालेत. जाऊबाई पुण्याच्या बी. ए. मुलगी इथंच जन्मली, इथंच नोकरी करते. स्वयंपाक माझ्याकडे. ह्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं, मलाही नाही. हात चालत असला की बोलावं लागत नाही.

दिरांना अमेरिकेचं वेड होतं. राहतो इथं, आलो साताऱ्याहून, पण जीव तिकडच्या निवडणुकीत. टीव्हीवर मतमोजणी लागली की दिवसभर हॉलमधून हलायचे नाहीत. चहा तिथंच, जेवण तिथंच. मी ताट ठेवायला जायचे तेव्हा पडद्यावर लांब टेबलं दिसायची. टेबलापाशी बसलेली साधी माणसं एकेक पाकीट उचलून त्यावरची सही बघायची, दुसऱ्या सहीशी ताडून बघायची. काचेपलीकडे लोक ओरडत असायचे.

"चोर आहेत सगळे," दीर म्हणायचे. "पोस्टानं मत म्हणजे काय? घरात एक जण बसतो आणि सगळ्या घराची मतं भरतो. मेलेल्यांचीसुद्धा. आणि ही बाई बघ, ही बाई! नुसतं बघते आणि पास करते."

"एवढ्या लांबून कळतं तुम्हाला?" जाऊबाई विचारायच्या.

"तोंडावर दिसतं चोराच्या."

त्या बाईच्या गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा होता. पाकीट हातात आलं की ती चष्मा लावायची, नीट बघायची, मग काढायची. मला ती चोर वाटली नाही. कुणा परक्या माणसाची सही इतक्या वेळ बघत बसणं मला तरी जमलं नसतं. पण मी ताट ठेवून आत गेले.

पुढे आमच्या भागात कौन्सिलची निवडणूक लागली. मराठी मंडळातले एक गृहस्थ, दिरांचे मित्र, उमेदवार होते. दिरांनी त्यांना सांगून टाकलं, "आमच्या घरची सगळी मतं तुझी." आणि सगळ्यांसाठी पोस्टल व्होटचे अर्ज आणले. जाऊबाई माझा अर्ज घेऊन स्वयंपाकघरात आल्या. बाकी सगळं त्यांनीच भरलं होतं. चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं सही कर. रेघेच्या बाहेर जाऊ नकोस."

मी हात पुसले. पेन धरलं. आधी रेघ ओढली आणि तिला अक्षरं टांगली. हातातून जे नाव आलं ते पहिलं आलं. मी काही ठरवलं नव्हतं. जाऊबाईंनी वाचलं.

"हे काय लिहिलंस?"

"सही केली."

"हे तुझं नाव आहे होय? असू दे. कोण वाचतंय इथं मराठी." त्यांनी कागद घडी करून पाकिटात घातला. मी परत पोळ्या लाटायला लागले, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी माझी सही मागितली नव्हती.

त्याच दिवसांत एकदा मी घरी एकटी असताना दारावर एक बाई आली. तीही उमेदवार होती, दुसऱ्या पक्षाची. मी दार अर्धंच उघडलं. तिनं इंग्रजीत विचारलं, तुम्हाला काय हवंय? मला उत्तर देता येईना. दुसरी कुणी असती तर कागद देऊन गेली असती. ही थांबली. घाई न करता उभी राहिली. शेवटी मी हात वर करून समोरचा बस स्टॉप दाखवला. तिथला बाक कौन्सिलनं काढून नेला होता आणि माझे गुडघे उभं राहून भरून यायचे. मी गुडघ्याला हात लावून दाखवला. तिला कळलं. ती हसली, मानेनं हो म्हणाली. दार लावल्यावर मी ठरवलं, आपलं मत हिला द्यायचं. ती निवडून येवो न येवो, बाक येवो न येवो. मला ते मत द्यायचं होतं.

मतांची पाकिटं आली. रविवारी दिरांनी ती सगळी डायनिंग टेबलावर मांडली. एक कागद मताचा, एक सहीचा. टीव्हीवर अमेरिका चालूच होती. मी चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा त्यांनी त्यांचं आणि जाऊबाईंचं उरकलं होतं. मुलीचंही फुली मारून झालं होतं, तिनं जाता जाता उभ्यानंच सही केली, ते मी पाहिलं. मग त्यांनी माझं पाकीट ओढलं.

मी म्हटलं, "भाऊजी, माझं मी करते."

त्यांनी मान वर केली. मी कधी असं बोलत नसे. "काय करतेस?"

"मत."

"अरे वा! कुणाला देणार?" ते जाऊबाईंकडे बघून हसले. "ऐकलंस का? बाईसाहेबांचं मत आहे."

"द्या हो तिला पेन," जाऊबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत होईल तिचं एक फुली मारून."

दिरांनी फुली मारली. जिथं मारायची ठरली होती तिथंच. मग सहीचा कागद घेतला. माझी जन्मतारीख त्यांना पाठ होती, पासपोर्टवरची. ती लिहिली आणि खाली झरझर सही केली. मराठीतच केली, माझी वाटावी म्हणून. परातीतलं नाव. अक्षरं आधी, रेघ शेवटी, आणि शेवटाला एक फटकारा.

मी ट्रे धरून उभी होते. म्हटलं, "माझी सही अशी नाही, भाऊजी."

"मग कशी आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे दोन्ही हात ट्रेला होते. त्यांनी पाकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं.

"चौथी पास बाई मला सही शिकवते," ते म्हणाले. टीव्हीवर कुणीतरी ओरडलं तसे तिकडे वळले. "बघ बघ, हे बघ. दिवसाढवळ्या चालू आहे."

दिरांचे मित्र पडले. फार नाही, थोडक्यात पडले. दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि सोफ्यावर बसून राहिले. मी पोहे केले होते, त्यांनी हात लावला नाही.

"पोस्टाची मतं बाद केली रे," ते म्हणाले. "मी समोर होतो. पाकिटं बाजूला काढत होते. म्हणे सही जुळत नाही."

"मुद्दाम," दीर म्हणाले.

"मुद्दाम नाही तर काय? आपल्याच लोकांची बाद कशी होतात? एक पोरगी बसली होती, कालची पोरगी. ती ठरवणार कुणाची सही खरी!"

"अमेरिकेसारखंच झालं. मी म्हणत होतो ना, इथंही सुरू होणार."

"आपल्याकडचे लोकही तसलेच म्हणा. आजच्या काळात ज्यांना धड सही करता येत नाही त्यांनी मत कशाला द्यावं?"

हे ते सहज म्हणाले. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. तेव्हाच मला वाटलं, बाद झालेल्यांत माझंही पाकीट असणार हे त्यांना कळलंय.

मग कौन्सिलचं पत्र आलं, माझ्या नावावर. दिरांनी फोडलं. उभ्यानं वाचलं, बसून परत वाचलं. मला हाक मारली.

"तुझं मत बाद झालंय. सही जुळत नाही म्हणतात. नवी सही मागितलीय. अर्जावर काय खरडलं होतंस?"

मी सांगितलं. माझं पहिलं नाव मोठ्यानं घेतलं. त्या घरात ते पहिल्यांदाच कुणी घेत होतं.

दीर म्हणाले, "हे कोण?"

"मी."

ते माझ्याकडे बघतच राहिले. माझ्या लग्नात तेच परातीपाशी बसले होते, तांदूळ त्यांनीच सारखे केले होते. पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग ते हसायला लागले. "म्हणजे इतकी वर्षं आमच्या घरात एक परकीच बाई जेवतेय! अगं, ऐकलंस का? ही ती नाहीच!"

जाऊबाईही हसल्या. त्यांनी ती सही स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती, स्वतःच्या हातानं पाकिटात घातली होती. त्या म्हणाल्या, "सांगायचं नाही का तेव्हाच? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

हसून झाल्यावर दीर घाबरले. सही कुणी केली असं कौन्सिलनं विचारलं तर? हा गुन्हा आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. रोज टीव्हीला तेच तर सांगत होते. मला म्हणाले, "आता मी केली तशीच सही तुला आली पाहिजे. मग विषय मिटला. सही बदलली म्हणायचं. आणि नाही आली तर बघ. माझ्या दारात पोलीस आले तर तू ह्या घरात राहशील का, याचा विचार कर."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

मंडळाच्या हळदीकुंकवाची जुनी आमंत्रणं पडली होती, त्यांच्या पाठीवर मी गिरवायला बसले. डायनिंग टेबलावर, त्यांच्या समोर. त्यांनी वर एकदा सही करून दिली, खाली मी तशी करायची.

"रेघ आधी नाही. शेवटी. किती वेळा सांगायचं?"

"हात आपोआप जातो, भाऊजी."

"मग हाताला सांग. आणि फटकारा मार शेवटी. सही वाटली पाहिजे, बाराखडी नको."

जाऊबाई चष्मा लावून त्यांची आणि माझी शेजारी धरून बघायच्या. "अजून नाही. हिचं अक्षर रांगतंय." मग परत.

मुलगी ऑफिसमधून आली, टेबलावरचे कागद पाहिले. "ओ माय गॉड, बाबा. धिस इज सो इल्लीगल." तिला हसू आवरेना. "काकू, तू कशाला एवढा टेन्शन घेतो? इट्स वन व्होट. नोबडी केअर्स." तिनं डब्यातली पोळी काढून गुंडाळली आणि खात वर गेली. ती वाईट मुलगी नाही. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

मी गिरवत होते आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. कौन्सिलमधल्या कुणीतरी, दिरांचे मित्र जिला कालची पोरगी म्हणाले तिनं, दोन्ही सह्या शेजारी धरल्या असतील. तिला मराठी येत नसणार. तरी तिनं नीट पाहिलं आणि म्हणाली, ही ती बाई नाही. ह्या देशात मला ओळखणारं एवढं एकच माणूस निघालं, आणि तिनं माझं मत बाद केलं.

दरम्यान मंडळात बोलणं पसरलं होतं. आपल्या लोकांची मतं कौन्सिलनं ठरवून बाद केली, म्हणे. चहाला येणारा प्रत्येक जण तेच सांगायचा, आधीच्यापेक्षा थोडं वाढवून. कुणी म्हणालं पाकिटं फेकून दिली, कुणी म्हणालं जाळली. दीर मान हलवायचे. "मी तर आधीपासून सांगतोय," असं म्हणायचे. पत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं. मी चहा ओतायचे.

एकदा त्यांच्या मित्रांनी मलाच विचारलं, "काय हो वहिनी, तुमचं तरी मत पोचलं का नीट?"

दीर माझ्या आधी बोलले, "तिचं? तिचं मी स्वतः टाकलंय. शंभर टक्के."

सही जुळायला लागल्यावर दीर मला कौन्सिलच्या ऑफिसात घेऊन गेले. नवी सही पोस्टानं पाठवली तरी चाललं असतं. पण समोर केली म्हणजे पुढे कुणी शंका घेणार नाही, असं त्यांनी ठरवलं. बसमध्ये त्यांनी मला परत परत पढवलं. हात दुखतो म्हणून सही बदलली, असं सांगायचं. जास्त बोलायचं नाही. "तशी तू बोलत नाहीसच म्हणा. ह्यासाठी तरी उपयोग झाला."

काउंटरमागे वयस्क गोरी बाई होती. दीर बोलायला लागले तशी तिनं हात वर करून थांबवलं आणि तिथल्या खुर्च्या दाखवल्या. ह्यांनी तिथं बसावं, ह्या बाई स्वतः करतील, असं ती म्हणाली. दीर हसले, काहीतरी बोलले, पण तिनं परत खुर्च्याच दाखवल्या. ते जाऊन बसले. मी एकटी राहिले.

तिनं हळू आणि सोप्या शब्दांत विचारलं, मताबरोबरच्या कागदावर सही तुम्हीच केली होती का?

मी म्हटलं, "येस."

इंग्रजीतला तो एक शब्द मला चांगला येतो. ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग तिनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझं पहिलं नाव होतं, अर्जावर केलं तसं. इतकं मोठं मी ते कधी पाहिलं नव्हतं. वरची रेघ जरा वाकडी, पण अक्षरं सगळी नीट टांगलेली.

"ही पण तुम्हीच?" तिनं बोट लावून विचारलं. "यू?"

मागून दिरांचं खोकणं ऐकू आलं. "हात दुखतो सांग," ते मराठीत म्हणाले.

मला हात दुखतो म्हणवेना. मी म्हटलं, "ओल्ड नेम. बिफोर मॅरेज."

"ओह!" तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. लग्नाआधीचं नाव. तिला सगळं समजलं असं तिला वाटलं. किती साधी गोष्ट होती आणि केवढा गोंधळ, अशा अर्थानं ती हसली. तिच्यापुरता संशय संपला. तिनं नवा कागद पुढे सरकवला. नेहमी करता तशी सही करा, म्हणाली.

मी पेन धरलं. हात रेघेकडे निघाला. मी त्याला मागं घेतलं. अक्षरं आधी लिहिली, मग रेघ ओढली, शेवटी फटकारा मारला. दीर मारतात तसाच आला.

"लव्हली," ती म्हणाली. मग पडद्याकडे बोट करून विचारलं, मग ही जुनी काढून टाकू ना?

मी मान हलवली. तिनं काहीतरी दाबलं आणि ते नाव गेलं.

बाहेर आल्यावर दीर खूश होते. "लग्नाआधीचं नाव! मलासुद्धा सुचलं नव्हतं. चौथी पास असलीस तरी एकदाचं डोकं चाललं तुझं." घरी गेल्यावर त्यांनी ते जाऊबाईंना सांगितलं, मुलीला सांगितलं. त्या दिवशी माझं कौतुक झालं.

पुढच्या वर्षी आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली. पाकिटं आली. दिरांनी ती टेबलावर मांडली आणि मी काही बोलायच्या आत माझी सही करून टाकली. मी बोलणार नव्हतेच. दारावर कोण कोण येऊन गेलं ते मला माहीत नाही, मी दार उघडलं नाही. ह्या खेपेला कौन्सिलकडून पत्र आलं नाही. दिरांचे मित्र निवडून आले, मंडळात पेढे वाटले. दीर फोनवर त्यांना म्हणत होते, "गेल्या वेळी आपण आरडाओरडा केला ना, त्याचा परिणाम. लक्ष ठेवलं की चोरी होत नाही."